घर बदलण्याआधी विचारा : नळाला पाणी कोणाचे?



उसाला पाणी कोणाचे, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारावे. कालव्याचे, नदीचे, उपसा योजनेचे की विहिरीचे, पाळी कधी, पाणीपट्टी किती, सारे तोंडपाठ असते. पण तोच सभासद तालुक्याच्या गावी प्लॉट घेतो, घर बांधतो, वास्तुशांत करतो, आणि राहायला गेल्यावर विचारतो, "इथं पाणी कोण सोडतंय हो?" हा प्रश्न सहा महिने आधी विचारायचा असतो.

आमच्या पाहण्यातली एक हकीकत सांगतो. एका सभासदाने मुलांच्या शिक्षणासाठी शहरालगत तयार घर घेतले. मध्यस्थाने नळ दाखवला होता. "नळ हाय की, आनि काय पाहिजे?" नळ होता, पाणी नव्हते. सभासद नगरपालिकेत गेले. तिथे उत्तर मिळाले, "तुमचा गट नंबर आमच्या हद्दीत येत नाही." ग्रामपंचायतीत गेले. "आमची लाइन ओढ्याच्या अलीकडंच संपती." तीन आठवडे टँकरवर काढल्यावर मागच्या गल्लीतल्या एका आजीबाईंनी आपले पाण्याचे बिल आणून दाखवले. त्यावर नाव तिसऱ्याच कार्यालयाचे होते! शिवाय पहिल्या मालकाची थकबाकी राहिल्याने जोडणी तोडलेली होती. ती भरावी लागली ती वेगळीच.

यात त्या सभासदांचा दोष एवढाच, की त्यांनी नळ पाहिला आणि नळामागचा मालक पाहिला नाही.

पाण्याचे धनी अनेक

खेड्यात बहुधा ग्रामपंचायतच पाणी देते. अनेक गावांची मिळून प्रादेशिक योजना असेल तर ती जिल्हा परिषदेकडे किंवा जीवन प्राधिकरणाकडे असू शकते. शहरात साधारणपणे नगरपालिका किंवा महानगरपालिका पाणी देते. पण सगळीकडे नाही.

महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हे नाव जुन्या मंडळींना नवे वाटेल. १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेले पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ ते हेच. १९९७ मध्ये त्याचे नाव बदलले. योजना बांधून स्थानिक संस्थेच्या हवाली करणे हे त्याचे मुख्य काम. तरी अमरावती, यवतमाळ, अंबरनाथ, बदलापूर अशा ठिकाणी घरोघरी पाणी देऊन बिल करण्याचे कामही प्राधिकरणच करते. साताऱ्यात तर काही भागाला नगरपालिकेचे पाणी आणि काही भागाला प्राधिकरणाचे. एकाच गावात राहणाऱ्या दोन भावांची बिले दोन कार्यालयांची असू शकतात.

औद्योगिक वसाहतीत औद्योगिक विकास महामंडळाचे पाणी असते, आणि डोंबिवलीसारख्या ठिकाणी ते राहत्या घरांनाही मिळते. छावणी भागात कँटोन्मेंट बोर्ड असते. कारखान्याच्या कॉलनीत पाण्याची सोय कारखान्याची.

हद्द वेगळी, पाइप वेगळा

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे घेतली गेली. आपल्या कित्येक सभासदांची मुले नोकरीनिमित्त अशाच भागांत सदनिका घेतात. हद्द कागदावर एका दिवसात सरकते. पाण्याची टाकी आणि जलवाहिनी यायला वर्षे लागतात. म्हणून "महापालिकेत आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. सदनिका घेताना सोसायटीच्या चिटणिसाकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिले मागावीत. पावसाळ्यात घर पाहून निर्णय घेणे म्हणजे आडसाली लागण पाहून खोडव्याचा अंदाज करणे!

कसे शोधावे?

पहिली गोष्ट, घरमालकाकडे पाण्याचे शेवटचे बिल मागावे. बिलाच्या माथ्यावर जे नाव, तोच पाण्याचा धनी. ग्राहक क्रमांक टिपून घ्यावा. बिल नसेल तर शेजाऱ्याचे पाहावे, आणि ते डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे पाहावे.

दुसरी, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन त्या कार्यालयात स्वतः जावे आणि स्पष्ट विचारावे : या नंबरला आपली जलवाहिनी आहे काय? जोडणी चालू आहे काय? थकबाकी किती? थकबाकी नसल्याचा दाखला मूळ मालकाने आणून द्यावा, अशी अट व्यवहारातच घालावी.

तिसरी, चावी सोडणारा माणूस गाठावा. कोणत्या गल्लीला किती वाजता, किती वेळ आणि किती दाबाने पाणी येते, हे त्याच्याइतके कार्यालयातल्या नकाशालाही ठाऊक नसते.

चौथी, ग्रामपंचायत असेल तर कर आकारणीचा नमुना ८ पाहावा. तिथे सामान्य पाणीपट्टी आणि खासगी नळाची विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार असतात. सामान्य पाणीपट्टीची पावती आहे म्हणजे घरात नळजोडणी आहे, असे समजू नये.

राहायला गेल्यावर जोडणी आपल्या नावावर करून घ्यावी आणि मीटरचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. शहरी भागात नळजोडणी आणि तिच्या नावातील बदल या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आणि जुन्या घरची जोडणी नको असेल तर तसा लेखी अर्ज द्यावा, नाहीतर बंद घराची पाणीपट्टी चढतच राहते.

रानातली वस्ती

गावठाणातून मळ्यात राहायला जाणारे सभासदही पुष्कळ आहेत. तिथे पंचायतीची लाइन पोचली नसेल तर पाण्याचे धनी आपणच. अशा वेळी विहिरीचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. आपल्या भागात उसाला युरिया सढळ हाताने पडतो, आणि त्यातला नायट्रेट पाझरून विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. तान्ह्या बाळाला असे पाणी अपायकारक असते. नातवंडांचा विचार करून तरी ही तपासणी टाळू नये.

एक हिशेब

जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. आता आपल्या एक एकर उसाला एका पाळीला तीन इंच पाणी दिले, तर ते तीन लाख लिटरांवर जाते. तेवढ्या पाण्यात हे घर तीन वर्षे चालेल! घराला पाणी किती थोडे लागते आणि तेवढेही नसले तर किती हाल होतात, हे घरातल्या बायकांना विचारावे. हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो.

आणखी एक बिऱ्हाड

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. दर हंगामाला आपल्या शिवारात तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. लेकरंबाळं घेऊन तेही घरच बदलत असतात, आणि वर्षातून दोनदा. नव्या जागी पाणी कोण देणार, हे त्यांनी कोणत्या खिडकीवर विचारावे? ना बिल, ना ग्राहक क्रमांक. पुष्कळदा पाटाचे किंवा शेतातल्या पाइपचे पाणीच ती मंडळी पितात. आपल्या रानाशेजारी कोप्या पडल्या, की पहिल्याच दिवशी टोळीच्या मुकादमाला पिण्याच्या पाण्याची जागा दाखवावी. ती नसेल तर आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला कळवावे. "ते कारखान्याचं काम हाय" असे कोणी म्हणेल. पण कारखाना म्हणजे तरी कोण? आपणच की.

तेव्हा सभासदहो, घर स्वतःचे असो, मुलाचे असो की टोळीचे, चूल मांडण्याआधी पाण्याचा धनी कोण ते विचारून घ्यावे, ही विनंती.