लेप्टो : पाणी ओसरल्यानंतरचा ताप

अंधेरी सबवे भरला की पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाण्यात उतरायचं, ही उपनगरातली जुनी रीत. कोणी लेप्टोचं नाव काढलंच तर उत्तर ठरलेलं : ‘मला कुठे उंदीर चावलाय?’

लेप्टोस्पायरोसिसला उंदराच्या दातांची गरजच नसते. याचे जिवाणू उंदीर-घुशींच्या, कुत्र्यांच्या, गाई-म्हशींच्याही मूत्रपिंडात राहतात आणि लघवीवाटे पाण्याचिखलात उतरतात. तिथून भेगाळलेली टाच, पायावरचा ओरखडा किंवा डोळ्यांत उडालेले शिंतोडे त्यांना पुरतात. म्हणजे गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांलगतचा चिखलही गटाराइतकाच संशयास्पद.

‘दोन दिवस झाले, काही झालं नाही, म्हणजे सुटलो’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. लागण झाल्यावर ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लेप्टोचे रुग्ण वाढले ते पाणी ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये. तोवर माणूस पाणी विसरलेला असतो, आणि डॉक्टरांना सांगतो फक्त ताप.

ताप अचानक, थंडी वाजून येतो. डोकं ठणकतं, कंबर धरते. पोटऱ्या तर इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. ही लक्षणं प्रत्येकात एकत्र दिसतीलच असं नाही.

आणि कावीळ? अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेल्या तीव्र प्रकारात ती असते, म्हणून लोक डोळे पिवळे होण्याची वाट पाहतात. बहुतेक रुग्णांना कावीळ होतच नाही. काहींना ती न होताच फुप्फुसांत रक्तस्राव होतो. धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं किंवा लघवी कमी झाली तर थेट रुग्णालय गाठावं.

प्लेटलेट्स घसरल्या की घरातच ‘डेंग्यू’ असं निदान होतं. लेप्टोतही त्या घसरतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे : डेंग्यूच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, लेप्टोवर चालतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना भेटावं, असं महापालिका सांगते. पायाला जखम होती का, पाण्यात किती वेळा उतरलात, यावर डॉक्सिसायक्लिनचा डोस ठरतो. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत. गोळी घेतली म्हणून पावसाळाभर मोकळीकही मिळत नाही.

पहिल्या चार-पाच दिवसांत अँटिबॉडीची तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण शरीरात अँटिबॉडी अजून पुरेशा तयार झालेल्या नसतात. अशा वेळी संशयावरूनच उपचार सुरू करावे लागतात, आणि तो संशय यायला डॉक्टरांना पाण्याची हकीकत कळावी लागते.