पाण्याचा जमाखर्च

धान्याच्या व्यापाऱ्यास ओलाव्याची पारख शिकवावी लागत नाही. दाणा दाताखाली धरला की माल किती ओला हे समजते. ओलाव्याने वाढलेले वजन हे मालाचे वजन नव्हे, हेही तो जाणतो. हाच न्याय मनुष्यदेहासही लागू पडतो, हे मात्र आम्हांस साठी उलटल्यावर, घरच्या आजारामुळे कळले.

आमचे धाकटे बंधू सुदामा नगरात राहतात. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली असून गेली 4 वर्षे आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेस 4 तास, यंत्राद्वारे त्यांचे रक्त शुद्ध केले जाते. 1960 साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी धमनी व शीर टेफ्लॉनच्या नळीने जोडण्याची युक्ती काढली, तेव्हापासून असे दीर्घकालीन डायलिसिस शक्य झाले. लघवी नाममात्र होत असल्याने प्यालेले पाणी पुढील खेपेपर्यंत देहातच साठते. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो वजन. जादा पाणी काढल्यावर जे उरते त्यास डॉक्टर ‘कोरडे वजन’ म्हणतात. बंधूंचे ते 58 किलो आहे.

गतवर्षी क्षमावाणीच्या दिवशी ते प्रथेप्रमाणे आप्तेष्टांकडे गेले. घरोघरी सरबत पुढे आले. क्षमा मागावयास गेलेल्याने यजमानास दुखवावे कसे? शेवटचा पेला आमच्याच घरी, आमच्याच आग्रहाने झाला. सोबत शेव व पापडही. मध्यरात्री त्यांस आडवे होता येईना, श्वास कोंडला. फुप्फुसांत पाणी उतरले होते. काट्यावर 62 किलो 600 ग्रॅम भरले. एवढे पाणी एकदम ओढल्यास रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात. म्हणून ते लागोपाठ 2 दिवस थोडे थोडे काढावे लागले.

डॉक्टरांनी पाण्याविषयी थोडे व मिठाविषयी फार विचारले. सुमारे 8 ते 9 ग्रॅम मीठ 1 लिटर पाणी धरून ठेवते; मीठ पोटात गेले की तहान आवरत नाही. दिवसाचे सर्व मिळून 5 ग्रॅमच्या आत राखावे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. शेव-कचोरीच्या इंदुरात हे पाळणे सोपे नव्हे! सैंधवही मीठच. ‘कमी सोडियमचे’ मीठ व नारळपाणी तर यांतील पोटॅशियममुळे अशा रुग्णाच्या हृदयास घातकच. बंधूंनी आता रसपरित्यागात वरून मीठ घेणे सोडले आहे.

आदल्या दिवशीच्या लघवीइतके पाणी, अधिक 500 मिलिलिटर, असा त्यांचा हिशेब डॉक्टरांनी बांधून दिला आहे. प्रत्येक रुग्णाचा आकडा निराळा असतो. भावजय रोज सकाळी तेवढे उकळलेले पाणी बाटलीत भरते. चहा, ताक, वरण, कढी जे पोटात जाईल, त्या मापाचे पाणी बाटलीतून काढून पुन्हा घरच्या भांड्यात ओतते. बर्फ चघळावा असे सांगतात, परंतु तो आम्हांस वर्ज्य. लवंग चघळणे व चूळ भरून टाकणे यांवर भागते. सूर्यास्तापूर्वी रात्रीची बेगमी म्हणून घटाघटा पाणी पिण्याची आपली सवय मोडावयास मात्र 3 महिने लागले.

यंदा क्षमावाणीच्या आदल्या दिवशी आम्ही स्वतः सातही घरी निरोप दिला. बंधू गेले, हात जोडले, हातावर ठेवलेला वेलदोडा घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी डायलिसिसपूर्वी काटा 59 किलो 800 ग्रॅमवर थांबला.