कान दुखतो? आधी साखर तपासा



रोप लावणीच्या दिवसांत बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारात माणसे दिवसभर पावसात वाकलेली असतात. कान भिजतात, रात्री खाज सुटते. मग आगकाडी नाहीतर केसांची पिन कानात जाते आणि वरून लसूण घालून कढवलेले तेल. पुष्कळांचे दुखणे इथेच सुरू होते.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम एक इंच लांब असते. तिच्यातला मळ म्हणजे घाण नव्हे, ते देवाने दिलेले संरक्षण आहे. काडीने तो निघतो, कातडी ओरखडते आणि ओलाव्यात जंतू व बुरशी वाढते. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत उतरते.

साधा संसर्ग कसा ओळखावा? कानाची पाळी ओढली किंवा कानापुढचा उंचवटा दाबला की कळ येते. खाज सुटते, दडे बसतात, थोडे पाणी येते. बुरशी असेल तर ओल्या टिपकागदासारखा पांढरा किंवा काळा थर दिसतो. डॉक्टर कान साफ करून थेंब देतात. ते सांगितले तितके दिवस घाला आणि कान कोरडा ठेवा. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नका. जंतूंचे औषध बुरशीला चालत नाही.

मात्र घरातील वडीलधाऱ्यांना मधुमेह असेल तर विशेष सावध राहा. त्यांच्यात हाच संसर्ग नळीतून कवटीच्या हाडात शिरू शकतो. १९६८ साली अमेरिकेतील डॉ. चँडलर यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा जवळजवळ निम्मे रोगी दगावत. हा कर्करोग नव्हे. बहुधा स्यूडोमोनास नावाचा जंतू त्याचे कारण असतो.

खुणा लक्षात ठेवा: रात्री झोपू न देणारी खोल कळ, थेंब घालूनही न थांबणारा स्राव, आणि पुढे तोंड वाकडे होणे किंवा डोळा न मिटणे. ताप नसला तरी फसू नका. तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात कान-नाक-घशाचा विभाग आहे. स्कॅन करून बहुधा सहा आठवडे किंवा अधिक काळ प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि साखर ताब्यात ठेवावी लागते. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये.

‘लावणी आटोपली की जाऊ’ असे आजोबा म्हणतील. त्यांचे ऐकू नका. रोप दोन दिवस थांबेल, हाडात शिरलेला जंतू थांबणार नाही.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात प्रभूने बहिऱ्या माणसाच्या कानांत बोटे घालून त्याला बरे केले. तो अधिकार प्रभूचा. आपण कानात काडीही घालू नये, हेच बरे.