तारायंत्रज्ञांच्या जर्नलांतील एक पत्र

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस यंत्रविद्येच्या नियतकालिकाकडे वळविणें विचित्र वाटेल. तथापि पत्र लिहिल्याची तारीख, तें वाचल्याची तारीख आणि छापल्याची तारीख वेगळी राखण्याची जी शिस्त आपण पेशवेकालीन पत्रांस लावितों, तीच येथेंहि लागू पडते.

लंडन येथें ता. १७ मे १८७१ रोजीं आठ गृहस्थांनीं तारायंत्र-अभियंत्यांची एक संस्था स्थापिली. विल्यम सीमेन्स हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढील वर्षापासून तिच्या जर्नलाचे खंड सुरू होतात. संस्थेच्या नांवांत पुढें विद्युत्-शास्त्रज्ञांची भर पडली, आणि १८८९ पासून ती 'इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल एंजिनियर्स' झाली. त्यामुळें एकाच मालेचे खंड ग्रंथालयांच्या यादींत निरनिराळ्या नांवांखालीं विखुरतात. संग्राहकानें हें ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या खंडाच्या काळांतील एक पत्र विशेष मोलाचें आहे. विलोबी स्मिथ यांनीं तें ता. ४ फेब्रुवारी १८७३ रोजीं लॅटिमर क्लार्क यांस लिहिलें, ता. १२ रोजीं तें संस्थेपुढें वाचलें गेलें. 'नेचर' पत्रांत तें ता. २० रोजीं छापून आलें. समुद्रांत तार सोडीत असतां तिची परीक्षा करण्यास स्मिथ यांस फार मोठा विद्युत्-रोध हवा होता. त्यासाठीं त्यांनीं सेलेनियमच्या बारीक सळया कांचेच्या नळ्यांत बंद करून घेतल्या. रोध मिळाला, परंतु मोजणारा बदलला कीं आंकडा बदले! शोध घेतां कारण उजेड निघालें. झांकणाच्या पेटींत सळई ठेविली म्हणजे रोध सर्वांत अधिक व स्थिर. झांकण काढतांच तो उतरे. हा उष्णतेचा परिणाम नसावा म्हणून सळई पाण्यांत ठेवूनहि पाहिली, फल तेंच. ग्रॅहॅम बेल यांच्या १८८० मधील प्रकाश-दूरध्वनीस हाच गुण उपयोगी पडला.

आतां कर्तृत्वाचा प्रश्न. हा फरक प्रथम स्मिथ यांचे साहाय्यक जोसेफ मे यांस दिसला, असें पुढील इतिहासकार नमूद करितात. पत्रांतील वाक्य मात्र 'असें आढळून आलें' या धर्तीचें, कर्ता नसलेलें आहे. धन्यानें लिहिलेल्या पत्रांत कारकुनाचें नांव गळावें, हें आपणांस नवें नाहीं. तेव्हां केवळ सहीवरून शोधाचा धनी ठरवूं नये, असें आमचें मत आहे.

या प्रकरणाचा मुंबईशीं संबंध दूरचा नाहीं. स्मिथ ज्या कंपनीचे विद्युत्-तज्ज्ञ होते, तिनेंच १८७० मध्यें 'ग्रेट ईस्टर्न' जहाजावरून मुंबई ते एडन ही समुद्रतार टाकिली.

जातां जातां ग्रंथप्रेमी वाचकांसाठीं आणखी एक गोष्ट. १८१६ मध्यें आपल्या बागेंत आठ मैल तार ताणून संदेश पाठविणारे, परंतु नौदल-खात्यानें 'गरज नाहीं' म्हणून परत लाविलेले फ्रान्सिस रोनाल्ड्स १८७३ मध्यें वारले. त्यांचा विद्युत्-विषयक ग्रंथसंग्रह याच संस्थेकडे आला. सुमारें १३,००० नोंदींची त्यांची सूची संस्थेनें १८८० मध्यें छापली. स्वतःजवळ नसलेल्या ग्रंथांच्याहि नोंदी रोनाल्ड्स यांनीं तींत करून ठेविल्या आहेत.