वलगणीची रात्र

जूनमध्ये दोन-चार सरी येऊन गेल्या म्हणून चांदीप गावाच्या बाजूला कोणी लगेच पाग, म्हणजे फेकजाळं, खांद्यावर टाकत नाही. ते पाणी तापलेली जमीनच पिऊन टाकते. वाट बघायची ती रात्रभर कोसळणाऱ्या पावसाची. मग तुंगारेश्वरच्या डोंगरातून ओहोळांना तांबडं पाणी येतं, खाचरं भरून बांधांवरून सांडतं आणि तानसा नदीकडे धावतं. त्या धारेच्या उलट मासे वर चढू लागतात. हीच वलगण. इतर ठिकाणी यांनाच चढणीचे मासे म्हणतात.

मासे नेमके त्याच वेळी का चढतात? तयारी खरं तर उन्हाळ्यातच झालेली असते. दिवस मोठा होत जातो, पाणी तापत जातं, तसतशी मादीच्या पोटात गाबोळी भरते. मेअखेरीस ती पूर्ण वाढलेली असते, पण अंडी सुटत नाहीत. त्यासाठी खूण लागते: पाणी गार होणं, त्यातले क्षार कमी होणं, पाणी चढणं आणि वाहतं होणं. ती मिळाली की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि पुढचं सगळं काही तासांत उरकतं. हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे पियुषिकेचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. ती सुईतली वलगणच म्हणायची. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन झाला तो त्यामुळेच.

आता नदी सोडून शेतात कशाला? नदीत अंडी खाणारी तोंडं फार. नुकत्याच भरलेल्या खाचरात ती कमी असतात, अंडी चिकटायला गवत असतं आणि कुजत्या पाल्यावर थोड्याच दिवसांत पिल्लांचं सूक्ष्म खाद्य तयार होतं. थंड देशांतल्या तळ्यांत पाइक नावाचा मासा बर्फ वितळताच काठच्या बुडालेल्या गवतात शिरतो, तोही याचसाठी. तिथे खूण उबेची, इथे गारव्याची, एवढाच फरक.

पकडणाऱ्याला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण पाणी वाचता येतं. बांध फुटून धार जिथे खाली पडते, तिथल्या डोहात मासा दम घ्यायला थांबतो. पाग तिथेच फेकायचा. बांबूच्या काड्यांचा सापळा लावायचा तर त्याचं तोंड उताराकडे, कारण मासा खालून येतो. आतल्या काड्या आत वळवलेल्या असतात, त्यामुळे शिरता येतं, परतता येत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात हात घालताना शिंगटी तेवढी ओळखावी. तिला तीन काटे: एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. घाबरली की तिन्ही ताठ करते. काटा बोटात घुसला तर सकाळपर्यंत ठणका जात नाही.

मरळीची तऱ्हा वेगळी. ती पाण्यावर येऊन हवा घेते, त्यामुळे ओल्या गवतावरून सरपटत बांधही पार करते.

यात एक गोष्ट खुपते. समुद्रात यांत्रिक होड्यांना 1 जूनपासून दोन महिने बंदी, आणि इथे गाबोळीने फुगलेली मादी पहिल्याच रात्री टोपलीत. गाबोळीची चव मलाही आवडते, नाकारत नाही. पण पूर्वी हे घरच्या कालवणापुरतं होतं. आज हमरस्त्यावर वाटे लागतात आणि ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं असतं. शिवाय रस्त्याखालच्या मोऱ्यांचे पाइप कुठे कुठे ओहोळाच्या तळापासून हातभर उंच बसवलेले असतात. तिथे मासा उड्या मारून मारून थकतो आणि आयताच हाती लागतो.

तेव्हा सापळा लावाच, पण अर्धी धार मोकळी सोडा. आणि पुढे खाचरात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर वळवळताना दिसला, तर त्याच्याखाली मरळ राखणीला असते. तिच्यावर गळ टाकू नका.