पाणी, तुझं वय काय?

पावसाळ्यात ब्रह्मगिरी चढलात तर पायऱ्यांवरून पाणी धावत असतं. बूट भिजतात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत जातो. त्र्यंबकेश्वरला पाण्याची टंचाई असते, यावर तेव्हा कुणाचा विश्वास बसणार नाही. पण याच तालुक्यातल्या काही पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका विहिरीत उतरून तळाचं गढूळ पाणी वाटी-वाटीने हंड्यात भरतात. मग एवढा पाऊस जातो कुठे?

अर्धं उत्तर दगडात आहे. हा सगळा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे आपला काळा कातळ. वाळूसारखं पाणी धरून ठेवायला त्यात जागा नाही. भेगांमधून मुरतं आणि उतारावरच्या झऱ्यांतून लवकर बाहेरही पडतं. म्हणजे इथलं पाणी तरुणच असणार. पण पाणी तरुण की म्हातारं, हे ओळखायचं कसं?

त्याचा जन्मदाखला असतो आयसोटोपमध्ये, पुस्तकी मराठीत समस्थानिकांमध्ये. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. तो पावसाबरोबर जमिनीत उतरतो आणि दर 12.3 वर्षांनी निम्मा होतो. 1950-60 च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेतला ट्रिटियम प्रचंड वाढवला. 1963 च्या सुमारास पावसातलं त्याचं प्रमाण शिखरावर होतं. बाँबवाल्यांनी नकळत पावसावर तारखेचा शिक्काच मारला म्हणा ना! विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम सापडला, तर त्यात अलीकडच्या काही दशकांचा पाऊस आहे. (सॅम्पल घेताना अंधारात चमकणारं घड्याळ घालायचं नाही. काही घड्याळांच्या काट्यांवरच ट्रिटियम असतो, तो बाटलीत शिरला की सगळी मेहनत वाया.)

ट्रिटियम सापडलाच नाही, तर कार्बन-14. त्याचं अर्धायुष्य 5,730 वर्षं, त्यामुळे हिशेब हजारो वर्षं मागे नेता येतो. यात एक गोची आहे. चुनखडीतला जुना कार्बन पाण्यात विरघळला, तर पाणी आहे त्याहून म्हातारं दिसतं. तेवढी वजावट करावी लागते.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी जैसलमेरच्या वाळवंटातलं भूजल असं तपासलं. ट्रिटियम जवळजवळ नव्हताच आणि वय निघालं काही हजार वर्षं. म्हणजे आजचा पाऊस त्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. तिथला उपसा म्हणजे पगारातून खर्च नव्हे, आजोबांची एफडी मोडणं! आपल्याकडे सिन्नर-येवल्याच्या पर्जन्यछायेत कर्ज काढून खोल बोअर मारणाऱ्या शेतकऱ्यालाही खरं तर हेच कळायला हवं: खाली लागलेलं पाणी भरून येणारं, की एकदाच मिळणारं? नुसत्या खोलीवरून ते सांगता येत नाही, आणि ही तपासणी काही तालुक्याच्या लॅबमध्ये होत नाही.

त्र्यंबकच्या पाड्यांचा प्रश्न उलटा. तिथे पाणी येतं, थांबत नाही. अशा वेळी दुसरा आयसोटोप कामाला येतो, ऑक्सिजन-18. डोंगरात जितक्या उंचावर पाऊस पडतो, तितका तो त्यात साधारणपणे कमी असतो. त्यावरून झऱ्याला पाणी कुठल्या उंचीवरून मिळतं, याचा अंदाज येतो. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात भाभा केंद्राने याच पद्धतीने आटत चाललेल्या झऱ्यांच्या मुरण्याच्या जागा शोधल्या. तिथे पाणी अडवलं, जिरवलं, आणि खालच्या झऱ्यांचं पाणी वाढलं.

ब्रह्मगिरीच्या उतारावर चर नेमके कुठे खणायचे, ते या रीतीने शोधता येईल. त्यासाठी लागेल घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरलेलं झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी.