तवाकीच्या भेटीला : मन्रो बीच

पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. पण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे तवाकी पेंग्विन घरटे करतात ते चक्क जंगलात, झाडांच्या मुळांखाली! ऑक्टोबरमध्ये मुलांना शाळेची सुट्टी होती, मुंबईहून आई आलेल्या होत्या, तेव्हा आम्ही सगळेच पश्चिम किनाऱ्याला निघालो.

हास्टहून हायवे ६ ने उत्तरेला साधारण तीस किलोमीटर गेले की लेक मोएराकी लागते. तिथून मन्रो बीचची पायवाट निघते. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. चढ-उतार किरकोळ, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी घाबरू नये. रिमू आणि काहिकाटियाची उंचच उंच झाडे, माणसापेक्षा मोठे नेचे, सगळीकडे शेवाळ. आई म्हणाल्या, "अगदी आपल्या देवराईसारखं आहे हो, फक्त देऊळ दिसत नाही." पाऊसही कोकणासारखाच, फरक एवढाच की इथे तो बारा महिने पडतो! रेनकोट हवाच.

जंगल संपते आणि एकदम समोर टास्मान समुद्र. हॉटेल नाही, भेळवाला नाही, घरसुद्धा नाही. जंगलाच्या कडेला बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली आणि वाट बघत राहिलो.

तवाकी जगातल्या दुर्मिळ पेंग्विनांपैकी एक. उंची जेमतेम दोन फूट, भुवया पिवळ्याधमक. मादी दोन अंडी घालते, पण वाढते बहुधा एकच पिल्लू. पहिले दोन-तीन आठवडे बाप पिल्लापाशी बसतो आणि आई एकटी समुद्रातून अन्न आणते. (आमच्या घरातल्या महिला मंडळाने यावर जे भाष्य केले ते छापण्यासारखे नाही.) पिल्ले मोठी झाली की हे पक्षी आठ-दहा आठवड्यांत जवळजवळ सात हजार किलोमीटर पोहून येतात, असे २०१८ सालच्या संशोधनात दिसले. त्या चिमुकल्या पंखांनी!

चारच्या सुमारास लाटेतून एक तवाकी बाहेर आला आणि थबकला. वाळूच्या मधोमध पाच-सहा पर्यटक कॅमेरे रोखून उभे होते. तो दोन पावले पुढे येई, पुन्हा पाण्यात जाई. आमच्या धाकट्यालाही जवळ जायचे होते. आई त्याला म्हणाल्या, "अरे, तिचं पिल्लू आत उपाशी बसलंय. आपण हललो तर ती येणार कशी?" माणसे वाटेत असली तर पेंग्विन किनारा ओलांडत नाहीत, आणि पिल्लाचे जेवण राहते. वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी गावकरी दोर बांधून लोकांना लांब ठेवतात. इथे दोर नाही, आपणच समजायचे.

थोरलीने जाऊन त्या मंडळींना इंग्रजीत समजावले. एकजण कुरकुरला, पण सगळे मागे झाडांपाशी आले. वीसएक मिनिटे कोणी बोलले नाही. मग ती पुन्हा आली, पुढे वाकून, दगडांवरून टुणटुण उड्या मारत, आणि झाडीत शिरली.

जायचेच तर जुलै ते नोव्हेंबरमध्ये जा, सकाळी लवकर किंवा दुपारनंतर. कुत्रा नेऊ नका. आणि सँडफ्लायचे मलम विसरू नका, ती चिलटे फार चावतात. परतताना जंगलात लवकर अंधारते, टॉर्च जवळ ठेवा.